काही नाही म्हणजे काय

सोलापूर,
२० जानेवारी १९७५

चि. शांता,

आशीर्वाद. तू संक्रांतीला पाठवलेला तिळगूळ पोचला. पोस्टात दबून त्याची पूड झाली होती. आईनं ती चमच्यानं सगळ्यांना वाटली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीची लेक पुण्याला गेली, पण पुडी बांधायला काही शिकली नाही."

यंदा आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही. तुझ्या वहिनीला, नीलव्वाला, दिवाळीपासून खोकला आहे आणि तिथं धूळ फार असते. घरात बसून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरते आहे.

माझी बदली छातीच्या रोगाच्या पाहणीच्या कचेरीत झाली आहे. नोव्हेंबरात फोटोची गाडी आमच्या भागात आली होती. गल्लीतल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढले, आपल्या घरातल्यांचेही. त्याची कार्डं तू काम करतेस तिथं गेली आणि तुमच्या मशीननं छापलेली यादी आता आमच्याकडे आली आहे. घडी उलगडली की कागद टेबलावरून दारापर्यंत जातो. आमचे हेडक्लार्क गुरप्पा यांनी त्याला उदबत्ती लावायचीच बाकी ठेवली आहे. ते म्हणतात, "माणूस चुकतो. मशीनला काय पोट आहे, का बायको आहे? ते कशाला चुकेल?"

एक विचारायचं आहे. यादीत फोटोचा निकाल तेविसाव्या रकान्यात आहे. सोबतच्या पत्रकात एक म्हणजे निर्दोष, दोन म्हणजे संशय, तीन म्हणजे रोग, असं दिलं आहे. पण बऱ्याच नावांपुढे शून्य आहे आणि शून्याचा अर्थ पत्रकात नाही. गुरप्पा म्हणतात, "एक म्हणजे निर्दोष, तर शून्य म्हणजे त्याहून निर्दोष! एकाहून शून्य कमीच की." सगळे हसले. मीही हसलो. तरी तू ती कार्डं भरतेस म्हणून विचारतो. शून्य म्हणजे काय? सवडीनं कळव.

तुझा
भीमण्णा


पुणे,
१ फेब्रुवारी १९७५

ती. भीमण्णा,

तुला आणि मावशीला नमस्कार. पुडीबद्दल मावशीची बोलणी ऐकून घेतली. पुढच्या वेळी डब्यात घालून पाठवीन, मग डबा परत मागीन, मग कळेल.

इथं काम फार. आम्ही अकरा मुली ओळीनं बसून दिवसभर कार्डांना भोकं पाडतो. आवाज असा की हॉस्टेलवर आलं तरी कानात टकटक चालू असते. परवा एका वर्तमानपत्रात या मशीनला 'यंत्राचा मेंदू' म्हटलं होतं. आम्ही डब्याच्या सुट्टीत ते वाचून पोट धरून हसलो. मेंदू कसला आलाय! जिथं भोक पाडलं तिथं ते वाचतं, दुसरं काही नाही. आम्ही सातच्या जागी आठ मारला तर ते आठच म्हणणार, आणि तुम्ही सोलापूरला त्याला उदबत्ती लावणार.

तुझा प्रश्न अगदी सोपा आहे. शून्य म्हणजे काही नाही, भीमण्णा. ते आम्ही डोळे मिटून मारतो.

आईनं माझ्यासाठी अक्कलकोटकडचं एक स्थळ आणलंय. मुलगा शिक्षक आहे आणि म्हणे फार कमी बोलतो. मी म्हटलं, आमच्या घरात एक भीमण्णा आहे तेवढा पुरे. वहिनीला सांग, तिच्या हातची शेंगाची चटणी संपली. कॉलेजची तीन वर्षं तिनं मला रोज डबा दिला, आता हॉस्टेलची आमटी घशाखाली उतरत नाही. कोणी इकडे येणार असेल तर चटणी नक्की पाठव.

तुझी
शांता


सोलापूर,
९ फेब्रुवारी १९७५

चि. शांता,

तुझं पत्र मिळालं. फार बरं वाटलं. मी ते कचेरीत वाचून दाखवलं. गुरप्पा म्हणाले, "बघा, मी सांगत होतो की नाही?" त्या दिवशी आम्ही शून्याची नावं वाटून घेतली आणि घरोघर निरोप दिला की काळजीचं कारण नाही. लोकांना आनंद झाला. एका घरी मला चहा पाजला.

नीलव्वालाही सांगितलं. तिच्या नावापुढे शून्यच होतं. तुला तसं लिहिलं नव्हतं, उगीच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. ती म्हणाली, "शांतीनं लिहिलंय ना, मग झालं." डॉक्टरकडे जायचं आमचं ठरलं होतं, ते राहू दिलं. दवाखान्याच्या रांगेत कोणी पाहिलं तर गल्लीत बोलणं होतं, तेही तिला नको होतं. आई अडुळशाचा काढा देते आहे.

चटणी कुटून ठेवली आहे. पाठवतो.

तुझा
भीमण्णा


पुणे,
३ जुलै १९७५

ती. भीमण्णा,

तार मिळाली तेव्हा मी कामावर होते. सुपरवायझरनी मला बाहेर बोलावून दिली. रजा मागितली, पण सध्या आणीबाणीचे दिवस, कोणाला रजा नाही. मला यायला हवं होतं. वहिनीची माती झाली आणि मी इथं कार्डं भरत होते.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्या आठवड्यात आमची जागा बदलत होती. ते मी घाईत वाचलं, चटणी मिळाली म्हणून पोस्टकार्ड टाकलं, आणि नंतर तुझी दोन पत्रं आली त्यात सगळं ठीक होतं. आईच्या पत्रात नुसतं 'तापानं गेली' असं आहे. मे महिन्यापर्यंत ती कांड्या भरत होती असंही आहे. काय झालं होतं, भीमण्णा? लिहावंसं वाटत नसेल तर लिहू नको. पण माझ्याशी तू बोलला नाहीस तर कोणाशी बोलशील? तुला मी ओळखते.

मावशीला सांभाळ. स्वतः जेवत जा.

तुझी
शांता


सोलापूर,
२७ जुलै १९७५

चि. शांता,

उशिरा लिहितो आहे. तीनदा कागद घेतला आणि ठेवला.

मेच्या अखेरीस नीलव्वाच्या खोकल्यातून रक्त आलं. तिनं ते दोन दिवस लपवलं. लुगड्याचा पदर धुताना आईनं पाहिला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही बाजू गेल्याचं सांगितलं. पाठीवर बोटं वाजवून त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "नोव्हेंबरात फोटो काढला होता. मशीनच्या यादीत शून्य आलं. म्हणजे काही नाही." ते म्हणाले, "फोटो कुठाय?"

फोटो आमच्याच कचेरीत होता. कपाटात रिळं असतात आणि गाडीवरच्या माणसांनी लिहिलेली वहीही असते. मी त्या कचेरीत पाच महिने होतो, पण वही कधी उघडली नव्हती. यादी आली होती, मग वही कशाला बघायची, असं सगळ्यांचंच होतं. वहीत लिहिलं होतं, 'रीळ खराब. दोन दिवसांचे फोटो धुरकट, वाचता आले नाहीत. पुन्हा काढावेत.' खाली नावं होती. नीलव्वाचं नाव पंचेचाळिसावं.

ती अठ्ठावीस जूनला गेली.

तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं. शून्य म्हणजे काही नाही. तिथं काही लिहिलेलं नाही, असं तू म्हणालीस. तिला काही झालेलं नाही, असं मी वाचलं. आपण रोज म्हणतो तसंच वाचलं. डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की माणूस हसत घरी जातो.

तुला दोष देत नाही. हे नीट समजून घे. मला दुसऱ्याच कामासाठी लिहायचं आहे. त्या दोन दिवसांची दोनशे चौदा माणसं आहेत. सगळ्यांना आम्हीच घरी जाऊन सांगितलं आहे. मी गुरप्पांना म्हणालो, यांना परत बोलवू. ते म्हणाले, "यादीत बदल करायचा तर वरून कागद पाहिजे. तुमच्या घरचं दुःख आहे, मला कळतं. पण वहीत पेन्सिलीनं कोणीतरी काहीतरी लिहिलंय म्हणून मी मशीनला खोटं पाडू?"

शून्याचा अर्थ ज्यात दिला आहे असा कागद तुमच्याकडे असणार. त्याची नक्कल मिळाली तर गाडी परत मागवता येईल. जमेल का?

तुझा
भीमण्णा


पुणे,
६ ऑगस्ट १९७५

भीमण्णा,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू?

तुझं जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. वहिनीचा खोकला त्यात चौथ्या-पाचव्या ओळीतच आहे. आणि गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो, 'आपल्या घरातल्यांचेही', हेही आहे. मी ते वाचलं आणि मला पुढची गंमत लिहायची घाई होती. फेब्रुवारीच्या पत्रात तर तू स्पष्ट लिहिलंस की डॉक्टरकडे जाणं राहू दिलं. तेव्हाही मला काही सुचलं नाही. मला माहीत होतं, भीमण्णा. 'वाचता आला नाही' याला शून्य, हे आमच्या भिंतीवर चिकटवलंय. त्या गठ्ठ्यात इतकी शून्यं एका ओळीत आली तेव्हा मी सुपरवायझरना विचारलंही होतं. ते म्हणाले, "तुला काय करायचंय? दिलंय ते भर." मी भरलं. वहिनीचं कार्डही मीच भरलं असेल. कार्डावर नाव नसतं, नंबर असतो.

भिंतीवरचा कागद बाहेर द्यायला मनाई आहे. मी साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले, सोलापूरच्या कचेरीनं रीतसर पत्र लिहावं, तीन महिन्यांत उत्तर जाईल. जास्त बोलले तर काढून टाकतील. आई माझ्या पगारावर आहे हे तुला माहीत आहे.

तू दोष देत नाहीस हेच सोसत नाही.

शांता


सोलापूर,
१९ ऑगस्ट १९७५

चि. शांता,

नोकरी धोक्यात घालू नको. आम्ही रीतसर पत्र पाठवलं आहे.

तोपर्यंत संध्याकाळी मी एकटा घरोघर जातो. वहीतली नावं उतरवून घेतली आहेत. पण काम होत नाही. काल रेल्वे लायनीजवळच्या वस्तीत केराबाई म्हणून एक बाई आहे तिच्याकडे गेलो. सांगोल्याकडची, दुष्काळात इथं खडी फोडायला आली ती इथंच राहिली. बोलताना तिला दोनदा थांबावं लागलं, इतका खोकला. मी म्हणालो, फोटो पुन्हा काढायला हवा. ती म्हणाली, "मास्तर, तुमीच की आला हुता सक्रांतीमागं! हितं ह्या दगडावर बसून च्या पिला न् म्हनला, काय न्हाय. आता काय हाय म्हंता?"

मी म्हणालो, "तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं."

"मशीनला कळलं न्हाय व्हय? आन् तुमाला कळलं?" ती शेजारणीला म्हणाली, "ऐक गं, मशीनपरीस मास्तर शाना झाला."

सगळ्या हसल्या. मी चपला घालून निघालो. चहा पाजला होता ते घर हेच. मशीन चुकलं म्हणावं, तर ते चुकलं नव्हतं. वाचायला आम्हाला कोणी शिकवलं नाही म्हणावं, तर शिकवा असं आम्ही म्हटलंही नव्हतं. हे दारात उभं राहून कसं सांगायचं?

आजवर एकवीस घरं झाली. तिघं तयार झाले. दोघं गेलेली आहेत. त्यांच्या घरच्यांना मी काय सांगितलं ते लिहीत नाही.

भीमण्णा


पुणे,
५ सप्टेंबर १९७५

ती. भीमण्णा,

सोबत कागद आहे. भिंतीवरचा मी डब्याच्या सुट्टीत शब्दाला शब्द उतरवून घेतला आणि खाली माझं नाव, हुद्दा आणि तारीख घातली आहे. दुसरा कागद माझा आहे. त्या गठ्ठ्यात शून्यं ओळीनं होती, मी विचारलं होतं आणि काय उत्तर मिळालं, हे त्यात आहे. दोन्ही गुरप्पांच्या टेबलावर ठेव. साहेबांना मी आधी सांगितलं, मगच पाठवते. चोरून पाठवलं असतं तर तुझ्या हातात त्याला किंमत राहिली नसती.

मला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलंय. रिबनी आणि कोरे कागद. पगार आहे. आईला कळवू नको.

आणि वेगळ्या पुडक्यात शंभर कोरी कार्डं आहेत, कापताना कडा गेलेली. ती रद्दीत जातात, म्हणून विचारून घेतली. तुला दारात सांगता येत नाही म्हणालास. तुझ्या त्या अवघ्या कचेरीनं कार्ड कधी हातात धरलेलं नाही, यादीच पाहिली आहे. आधी त्यांना कार्ड भरायला लाव. एकदा स्वतः शून्य मारलं की मग पुढच्या माणसाचं शून्य बघून त्यांना विचारावंसं वाटेल. मला उशिरा कळलं ते एवढंच.

वहिनीच्या खणावर मी अजून डबा ठेवते हॉस्टेलात. ती ज्यात डबा बांधून द्यायची तो चोळीचा खण.

शांता


सोलापूर,
१४ डिसेंबर १९७५

चि. शांता,

बरेच दिवस लिहिलं नाही. कामात होतो.

तुझे कागद गुरप्पांनी दोनदा वाचले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. म्हणाले, "ही पोरगी तुमची कोण?" मी म्हणालो, मावसबहीण. त्यांनी त्याच दिवशी गाडीसाठी पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं.

गाडी येण्याआधी दोन रविवार शाळेच्या खोलीत आम्ही वर्ग घेतला. नर्स, लस टोचणारे आणि कारकून मिळून अठरा जण होते. मला शिकवायची सवय नाही. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. निम्म्या लोकांना बाहेर थांबवलं, बाकीच्यांना कार्डं वाटली आणि म्हणालो, शेजारच्या माणसाची माहिती भरा, पण त्याला विचारायचं नाही. आई आहे का, लिहा. आहे तर एक, आजारी असेल तर दोन, ठाऊक नसेल तर शून्य. मग बाहेरच्यांना आत बोलावून ती कार्डं त्यांना वाटली, एक आणि दोनचा अर्थ सांगितला, पण शून्याचा सांगितला नाही.

कुंडलिक म्हणून एक लस टोचणारा आहे. त्याच्या हातात नर्स सारजाबाईचं कार्ड आलं. तो उभा राहून गंभीरपणे म्हणाला, "सारजाबाईंची आई वारलेली आहे."

सारजाबाई ताडकन उठल्या. "कोन म्हनतंय? जित्ती हाय की माजी आई! सकाळीच तिच्या शिव्या खाऊन आलेय!"

"कार्डावर शून्य आहे, बाई."

"तुज्या कार्डाला लागली आग! मला इचारायला तुजं तोंड शिवलं हुतं का?"

खोली हसून हसून दमली. मीही हसलो, जूननंतर पहिल्यांदा. मग हळूहळू हसणं थांबलं. मागच्या बाकावर गुरप्पा बसले होते, ते म्हणाले, "आपण दोनशे चौदा माणसांचं असंच केलं."

नंतर पुष्कळ बोलणं झालं. कुंडलिकनं विचारलं, मग यादी टाकून द्यायची का? मी म्हणालो, नाही. पाच हजार नावांतून संशयाची माणसं आम्हाला आठवड्यात सापडली ती यादीमुळेच. पण ती कोणी भरली आणि भरताना काय दिसलं नव्हतं, हे विचारल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही. कळत नसेल तर वही काढायची. दारात काय शब्द वापरायचा यावर तासभर वाद झाला. 'काही नाही' म्हणायचं नाही, एवढं ठरलं. सारजाबाईंनी सुचवलं ते सगळ्यांना पटलं. "तुमचं अजून बघितलंच न्हाय, चला बघूया." तसं म्हटल्यावर लोक येऊ लागले. केराबाईकडे मी सारजाबाईंना पाठवलं. दोघी भांडत भांडत गाडीपर्यंत आल्या.

दोनशे चौदापैकी एकशे ब्याण्णव आले. नऊ जणांना रोग निघाला. केराबाई त्यांत आहे. तिला सुया सुरू झाल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आली. मी तिथून लवकर निघालो.

काल नव्या पाहणीचे तक्ते भरून पाठवायचे होते. प्रत्येक नावापुढे तेविसावा रकाना. पंचेचाळिसाव्या नावाशी मी थांबलो. तिचा फोटो पुन्हा काढलेला नाही. म्हणून एक नाही, दोन नाही. डॉक्टरांनी रोग सांगितला, पण तो फोटोवरून नाही, म्हणून तीनही लिहिता येत नाही. गेलेल्या माणसासाठी पत्रकात आकडा नाही. गुरप्पा जवळ आले आणि हळू म्हणाले, "ती ओळ सोडा. मी सही करतो."

मी म्हणालो, "सोडली तर तिकडे कोणीतरी अंदाजानं भरेल."

वर्गात मी अठरा माणसांना सांगितलं होतं की जे पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहायचं नाही. म्हणून मी टाक घेतला आणि नीलव्वाच्या नावापुढे शून्य लिहिलं. तेच बरोबर होतं.

आई बरी आहे. तुला आशीर्वाद.

तुझा
भीमण्णा